दादाचे बुटके, लेकीचे उंच

प्रश्न

ठाण्याच्या पाचपाखाडीतून एका वाचकाने लिहिलं आहे. वय चाळिशीच्या थोडं पुढे. मोठा भाऊ इंग्लंडला शिकायला होता, तेव्हा त्याने तिथून वॉरहॅमर ४०,००० या, टेबलावर छोट्या मूर्ती मांडून फाशांनी खेळायच्या युद्धखेळातले स्पेस मरीन, म्हणजे चिलखती अंतराळ सैनिक, जमवून आणले. त्यातले बरेचसे १९९८च्या तिसऱ्या आवृत्तीच्या खोक्यातले, प्लास्टिकचे. काही त्याहून जुने, धातूचे, तिथेच कुणाकडून सेकंडहँड घेतलेले. दोघा भावांनी ते रंगवले आणि डायनिंग टेबलावर भरपूर लढवले. पुढे दादा बंगळुरूला गेला, फौज ठाण्यात राहिली. आता वाचकांच्या चौदा वर्षांच्या मुलीने हा नाद उचलला आहे. तिच्याकडे नवे, उंच मरीन आहेत. दोन्ही मिळून एकच आर्मी करायचं ठरलं, पण मांडून पाहिल्यावर जुने नव्यांच्या खांद्याला लागतात. खारघरला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ज्या ग्रुपबरोबर ही बापलेक खेळतात, तिथे एकजण म्हणाला, ‘ही फौज आहे की शाळेची सहल?’ दुसऱ्याने जुन्यांचे बेस, म्हणजे पायाखालच्या गोल चकत्या, नियमात बसत नाहीत अशी हरकत घेतली. वाचक विचारतात : जुने विकून सगळे नवे घ्यावेत, की जुन्यांचा रंग काढून नव्यांसारखे रंगवावेत, की पायाखाली काही देऊन त्यांना उंच करावं, की सरळ शोकेसमध्ये ठेवून विषय संपवावा?

उत्तर

तुमच्या पत्रात ‘सगळे म्हणतात’ हे शब्द वारंवार येतात. म्हणणारे मोजायला गेलं तर हाती लागतो एकच, तो सहलवाला. तोही चेष्टेत बोलला असं तुम्हीच लिहिलं आहे. बेसवाल्याचा मुद्दा वेगळा आहे आणि रास्त आहे, त्याकडे पुढे येतोच. पण ज्या दोन माणसांचं म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. ही फौज ज्याने उभी केली तो दादा, आणि यापुढे जी ती लढवणार ती तुमची लेक. चार पर्याय तुम्ही मांडलेत, त्यातले दोन असे आहेत की एकदा केले की मागे फिरता येत नाही. तेव्हा विक्री आणि रंगकाढणी तूर्त बाजूला ठेवू या, आणि आधी मुळात बिघडलंय काय ते पाहू.

उंचीपासून सुरुवात करतो. स्पेस मरीन पहिल्यांदा आले १९८७ साली, वॉरहॅमर ४०,०००च्या पहिल्या आवृत्तीबरोबर. त्याच वर्षी चोचीसारख्या शिरस्त्राणांच्या ३० प्लास्टिक मरीनचं खोकं निघालं. मूर्तीच्या उंचीचं ‘२८ मिलिमीटर’ हे माप सगळे तोंडाने म्हणतात, पण ते कुठून कुठे मोजायचं यावरच एकमत नाही. कुणी तळव्यापासून डोळ्यापर्यंत मोजतो, कुणी डोक्याच्या टोकापर्यंत. त्यात हात, डोकी आणि बंदुका मुद्दाम मोठ्या करण्याची पद्धत. त्यामुळे दर पाच-दहा वर्षांनी मूर्ती थोड्या थोड्या वाढत गेल्या, आणि हे फक्त वॉरहॅमर काढणाऱ्या कंपनीच्या बाबतीत घडलेलं नाही. मोठी उडी २०१७ची. आठव्या आवृत्तीबरोबर ‘प्रायमॅरिस’ नावाचे उंच मरीन आले. तुमच्या लेकीकडचे ते हेच.

आणि गंमत अशी की या उडीचं कारण गोष्टीतच लिहून ठेवलं आहे. बेलिसारियस कॉल नावाच्या शास्त्रज्ञाने हजारो वर्षं खपून मरीनची नवी, जास्त धिप्पाड पिढी घडवली, ही अधिकृत कथा आहे. म्हणजे जुने मरीन नव्यांपेक्षा बुटके असणं त्या विश्वात चूक नाहीच, तसंच अपेक्षित आहे. जुन्यांपैकी काहींनी जिवावरची शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते नव्यांएवढे झाले, असंही कथानक आहे. दुसऱ्या कुठल्याही फौजेला अशी आयती सबब मिळालेली नाही. सहलवाल्याला हे बहुधा ठाऊक असेल. नसेल तर लेकीलाच सांगू द्या, या वयाची मुलं असली माहिती मोठ्यांपेक्षा झोकात सांगतात.

आता तुमचं दुसरं गृहीतक. फौज एका मापाची असली तरच फौज दिसते, हे तुम्हाला इतकं पक्कं का वाटतं? आपण सगळे दिवाळीच्या किल्ल्यावर वाढलो. पाचपाखाडीत अजूनही सोसायटीच्या जिन्याखाली, कुंपणाच्या कोपऱ्यात किल्ले होतात. त्यावर सिंहासनावरचे महाराज बुरुजाएवढे असतात, मावळे त्यांच्या गुडघ्याला लागतात, दरवाज्यातून आत जायचं तर मावळ्याला वाकावं लागेल, आणि पायथ्याच्या गावातली गाय घरापेक्षा मोठी. बघणाऱ्याला यातलं काही खटकत नाही, कारण हिरवळ, माती आणि पायऱ्यांचा गेरू सगळीकडे एकच असतो. शिवाय मोठी मूर्ती वर आणि लहान खाली, अशी प्रत्येक आकाराला आपापली जागा असते. पण तोच लहान मावळा महाराजांच्या सिंहासनाला चिकटवून ठेवा, लगेच खटकेल. तुमच्या टेबलावर नेमकं हेच झालं असावं असा माझा दाट संशय आहे. पत्रासोबतच्या फोटोत पाच जुने आणि पाच नवे एकाच रांगेत, एक सोडून एक उभे आहेत. असे उभे केलेत तर उंची सोडून दुसरं काही दिसणारच नाही.

फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसली, जिचा तुम्ही उल्लेखच केलेला नाही : बेसची कड. दादाच्या मरीनच्या बेसची कड भडक हिरवी आहे आणि वर हिरवा भुसा. नव्वदच्या दशकात तीच फॅशन होती, कंपनीच्या स्वतःच्या फोटोंतही तसेच हिरवेगार बेस असायचे. लेकीच्या बेसवर तपकिरी माती, करड्या भेगा आणि कड काळी. दोन-तीन फुटांवरून, म्हणजे टेबलाशी उभं राहून आपण जितक्या अंतरावरून पाहतो तिथून, डोळ्याला आधी या कडाच दिसतात. मग मुख्य रंग, मग उजेड-काळोखाचा फरक. चार-पाच मिलिमीटरची उंची फार नंतर येते. तुमचे बघे म्हणतात उंची, पण त्यांच्या डोळ्यांत खुपतोय तो हिरवा.

खात्री करून घ्यायची असेल तर एक साधा प्रयोग आहे. दोन्हीकडचे पाच-पाच घ्या, दोन वेगळे गट करून वीतभर अंतरावर ठेवा. फोनने उभ्याने एक फोटो काढा, आणि तो कृष्णधवल करून पाहा. रंग गेले की खरा फरक उरतो. दोन्ही गट साधारण सारखेच गडद दिसले तर तुमचं निम्मं काम आधीच झालेलं आहे. एक गट पांढुरका आणि दुसरा काळवंडलेला दिसला तर फरक छटेचा आहे, आणि तो मिटवता येतो.

कसा, ते सांगतो. आधी सगळ्या बेसच्या कडा एका रंगात घ्या. काळा घ्या, गडद तपकिरी घ्या, पण एकच. दादाने रंगवलेल्या अंगाला यात हातही लागत नाही. मग बेसचा वरचा भाग : जुना भुसा खरवडून लेकीने वापरली तीच माती, तीच वाळू. बांधकामाची वाळू चाळणीतून चाळून घेतली आणि फेव्हिकॉलवर भुरभुरवली तर उत्तम बसते. वाळली की त्यावर पाणी घातलेला फेव्हिकॉल आणखी एकदा सोडा, नाहीतर प्रवासात झडते. बेससाठी महागडे हॉबी पेंट लागत नाहीत, कॅमलिनचा अ‍ॅक्रिलिक तपकिरी पुरतो. त्यावर कोरड्या ब्रशने फिकट रंग नुसता घासायचा. एवढं झालं की फौज पुन्हा मांडा आणि मगच ठरवा पुढे काही करायचं का. माझा अंदाज, फारसं करावं लागणार नाही.

चिलखताच्या निळ्याचा प्रश्न मात्र उरेल. दादाचा निळा उजळ आणि चकचकीत, लेकीचा त्याहून गडद. इथे तुम्ही जुन्यांना नव्यांसारखं करायला निघालात, मी उलटं सुचवेन. नवे अजून पूर्ण रंगवून झालेले नाहीत असं तुम्ही लिहिता. मग दादाच्या निळ्याच्या जवळ जाणारी एक फिकट छटा लेकीने आपल्या मरीनच्या कडांवर आणि गुडघ्यांवर घ्यावी. खांद्याच्या पट्टीचा रंग दादाने जो वापरला तोच घ्यावा, चिन्हंही तीच. खांद्यावरची पट्टी आणि चिन्ह एक झालं की बघणारा त्यांना एकाच घराण्याचे धरतो, मग निळ्यातला फरक जुन्या-नव्या चिलखताचा वाटतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर जुन्यांवर एक चकचकीत व्हार्निशचा थर आणि त्यावर वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ काळसर रंग. खालचा रंग तसाच राहतो, फक्त एक पायरी गडद होतो. मात्र हे करण्याआधी दादाला विचारा. त्याला काही वाटणार नाही असं तुम्ही लिहिलंय, आणि कदाचित खरंच वाटणार नाही. पण तेवढ्यासाठी एक फोन करायला तुम्ही का टाळताय, याचा विचार करा. कधीकधी आपणच त्या वस्तूला धरून बसलेलो असतो आणि नाव भावाचं पुढे करतो.

पूर्ण रंग काढण्याचा पर्याय तुमच्यासाठी मला पटत नाही. पण अनेक वाचकांकडे कुणा अनोळखी माणसाने जाड ऑइलपेंटने थापलेले सेकंडहँड मिनी, म्हणजे अशा छोट्या मूर्ती, असतात, त्यांच्यासाठी सांगून टाकतो. प्लास्टिक किंवा धातूचे मिनी न पातळ केलेल्या डेटॉलमध्ये रात्रभर ठेवले तर बहुतेक रंग सुटतो. हातमोजे घालून जुन्या टूथब्रशने घासायचं. गोची पुढे आहे. डेटॉलमधून काढलेला मिनी थेट नळाखाली धरला तर सुटलेल्या रंगाचा चिकट गोळा होतो आणि तो भेगाभेगांत जाऊन बसतो. आधी पुन्हा डेटॉलमध्येच खळबळून घ्यायचा, रंग पूर्ण निघाला की मग भांड्यांचा साबण आणि पाणी. वास आवडत नसेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलनेही काम होतं. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिकजवळही आणू नका, नाक-डोळे वितळतात. रेझिनचा मिनी असेल तर आधी एखाद्या नको असलेल्या तुकड्यावर करून पाहा.

आता बेसवाल्या मित्राकडे. त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि तुम्ही ते टोमण्यांच्या यादीत घातलंत हे चुकलं. तुमचे जुने मरीन २५ मिलिमीटरच्या बेसवर आहेत, २०१५च्या सुमारास ते माप ३२ झालं. या खेळात सगळी अंतरं बेसच्या कडेपासून कडेपर्यंत मोजतात. दहाव्या आवृत्तीत शत्रूला भिडण्याचं अंतर १ इंच. लहान बेस असले की तेवढ्याच जागेत जास्त सैनिक दाटीवाटीने भिडतात, कप्तानाच्या प्रभावाच्या वर्तुळात जास्त मावतात, आणि बुटका असल्याने भिंतीआड लपणंही सोपं. उलट मोठा बेस जास्त जमीन अडवतो, तोही एक फायदाच. म्हणजे कुणी मुद्दाम लबाडी करतंय असं नाही, पण समोरच्याच्या हिशेबात फरक पडतो हे खरं. मित्रामित्रांच्या खेळात फासे टाकायच्या आधी ‘माझे हे दहा जुन्या बेसवर आहेत, चालेल ना?’ एवढं विचारलं की पुरतं. हो म्हणाला तर प्रश्न मिटला, आणि खेळाच्या मध्यात तो उकरून काढायचा नाही, हे दोघांनाही लागू. स्पर्धेला जायचं असेल तर आयोजकाला आधी लिहून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. तिथे सध्याचं माप मागतात.

मापच हवं असेल तर बेस उपटायची गरज नाही. बाहेरून ३२ आणि आतून २५ मिलिमीटर अशी कडी बसवायची. ठाण्यात आणि नवी मुंबईत नावाच्या पाट्या आणि ट्रॉफ्या करणारी जी लेझर कटिंगची दुकानं आहेत, त्यांना ३ मिलिमीटरच्या अ‍ॅक्रिलिक शीटमधून अशा कड्या कापायला सांगा. ओळखीत कुणाकडे थ्रीडी प्रिंटर असेल तर आणखी बरं, उताराची कडही करता येते. एक नमुना आधी करून घ्या, कारण जुन्या बेसची भिंत वर निमुळती होते, आणि कडी तळाशी घट्ट बसली तरी वर बारीक फट राहते. ती फट वाळू-फेव्हिकॉलने भरा. कडी चिकटवायलाही फेव्हिकॉलच घ्या, फेव्हिक्विक नको. उद्या कडी काढावीशी वाटली तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सोडवता येईल.

पायाखाली काही देऊन उंच करण्याबद्दल. एखाद-दुसऱ्यासाठी कल्पना छान आहे, सगळ्यांसाठी नाही. १९९८चे प्लास्टिक मरीन आठवा : पाय फाकलेले, गुडघे वाकलेले, डोकं खांद्यात रुतलेलं. पायाखाली कॉर्कचा तुकडा ठेवून डोकं नव्यांच्या पातळीवर आलं तरी मांडी आणि नडगी तेवढीच आखूड राहते, उलट आता ती नजरेच्या टप्प्यात येते. कंबर कापून मधे प्लास्टिकची चकती घालणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्या चिकाटीला सलाम, पण दहा-वीस सैनिकांसाठी ते करायला घेतलंत तर लेक बारावी होईल तोवर तुम्ही कंबराच कापत बसाल. शिवाय दिसण्या-न दिसण्याचे नियम प्रत्यक्ष मूर्तीवरून ठरतात, त्यामुळे उंची वाढवली की तो सैनिक भिंतीवरून दिसायला लागतो आणि आधी मरतो.

अपवाद फक्त तुमच्या धातूच्या कप्तानाचा. फोटोत तो एका हातात तलवार घेऊन कोपऱ्यात अंग चोरून उभा आहे. त्याला ४० मिलिमीटरचा बेस द्या, त्यावर झाडाच्या सालीचा किंवा पाटीच्या दगडाचा तुकडा, आणि वर तो. पुढाऱ्याने दगडावर चढून उभं राहणं कुणालाच विचित्र वाटत नाही. धातूचा आहे, तेव्हा नुसता गोंद धरणार नाही. पायात १ मिलिमीटरचं छिद्र पाडून तारेचा तुकडा बसवा. बेसचं माप बदलतंय म्हणून ग्रुपला आधी सांगून ठेवा.

बाकीच्यांची मांडणी अशी करा की एका तुकडीत एकाच पिढीचे सैनिक असतील. जुने दहा ही एक तुकडी, तिचं काम मागे राहून ठिकाण राखण्याचं. नवे पुढे. मधे रणगाडा, पडकी इमारत, काहीही येऊ दे. आणि जुन्यांना नव्यांच्या नियमांनी खेळवायचं असेल तर ते आधी स्पष्ट सांगा. जुन्या मरीनच्या साध्या, ‘टॅक्टिकल’ तुकडीला २०२३च्या दहाव्या आवृत्तीच्या पुस्तकात स्वतःचे नियम आहेत, त्यामुळे तुम्हाला लपवाछपवी करावी लागणार नाही. जुन्या बाइकस्वारांचं मात्र तसं नाही. ते त्याच सुमारास ‘लेजंड्स’ या जुन्या मूर्तींच्या यादीत गेले, घरगुती खेळात चालतात पण स्पर्धेत शक्यतो नाहीत.

दादाच्या धातूच्या मिनींबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, मला मात्र तीच काळजी जास्त आहे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धाआधीच्या धातूच्या मिनींमध्ये शिसं असतं. रंगवलेला असेल तर हाताळायला भिण्याचं कारण नाही, पण खेळून झालं की हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, हा नियम घरात करा. घासणं, छिद्र पाडणं हे काम लेकीला देऊ नका, तुम्ही करा. मास्क लावा, धातू ओला ठेवून घासा, आणि चुरा ओल्या कागदाने पुसून टाका. शोकेसच्या पर्यायाला माझा विरोध आहे तो यामुळेच. प्लायवूड आणि एमडीएफमधून आम्लाची वाफ हळूहळू निघत राहते, नव्या फर्निचरमधून जास्तच. बंद काचेमागे ती साचते, वर आपल्याकडचा पावसाळा. अशा हवेत शिशावर पांढरी पूड धरते आणि ती मूर्तीला आतून पोखरते. ‘फोटोत एकाच्या पायाशी बुरशी दिसते’ असं तुम्ही लिहिलंय ना? ती बुरशी नसावी. तो मिनी बाकीच्यांपासून वेगळा करा, पूड ओल्या फडक्याने पुसा, कोरडा करा आणि उघड्या धातूवर व्हार्निश लावा. मिनी ठेवायला झाकणाला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, हे नव्याकोऱ्या मॉड्युलर शोकेसपेक्षा केव्हाही बरं.

पावसाचा विषय निघालाच आहे तर, जून ते सप्टेंबर स्प्रे प्रायमर आणि मॅट व्हार्निश गॅलरीत मारू नका. दमट हवेत व्हार्निशवर पांढरट साय धरते आणि महिन्याची मेहनत दुधाळ होते. ब्रशने लावायचं प्रायमर वापरा, किंवा थांबा. साय आधीच धरली असेल तर वरून चकचकीत व्हार्निशचा एक हात दिला की ती पुष्कळदा विरते.

ठाणे-पनवेल लोकलने खारघरला जाताना धातूचे आणि प्लास्टिकचे एका डब्यात नेऊ नका. धातूचा एक जरी सुटला तरी प्लास्टिकवाल्यांच्या बंदुकांच्या नळ्या मोडतो. धातूचे फोममध्ये, बॅगेच्या तळाशी. प्लास्टिकच्या बेसखाली चुंबक लावून ते पत्र्याच्या डब्यात.

याच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी थोडक्यात. वॉरहॅमरच्याच चौकोनी बेसच्या फँटसी फौजा पुन्हा बाहेर काढणाऱ्यांना असाच धक्का बसला आहे, कारण २०२४ला आलेल्या ‘द ओल्ड वर्ल्ड’ या खेळात बऱ्याच पायदळाचा बेस २० मिलिमीटरवरून २५ झाला. तिथे प्रत्येकाला कडी लावत बसू नका. २५ मिलिमीटर अंतराने खाचे असलेला ट्रे करून घ्या, जुने २०वाले त्यात सुटे बसतात. ऐतिहासिक युद्धं खेळणाऱ्यांनी उंचीकडे कमी आणि डोकं, हात व बंदुकीकडे जास्त पाहावं. पावणेसहा फुटी माणूस १/७२मध्ये, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या मापात, सव्वाचोवीस मिलिमीटरच्या आसपास येतो, १/७६मध्ये तेवीस. एवढा फरक खऱ्या पलटणीतल्या माणसांतही असतो, बिनधास्त मिसळा. पण एकाची बंदूक दुसऱ्याच्या दीडपट जाड असेल तर उंची तंतोतंत जुळूनही ते शेजारी शोभणार नाहीत. १/७२ आणि २८ मिलिमीटर मात्र एका टेबलावर आणूच नका. तोफा-गाड्या दोघांपैकी एकाला लहान पडतात आणि तिथे रंग जुळवूनही काही होत नाही.

राहिली विक्री. १९९८च्या खोक्यातले मरीन त्या काळी ढिगाने निघाले, दोन हौशी भावांनी रंगवलेले असतील तर त्यांना फारसा भाव येत नाही. त्या पैशांत नव्यांचं एक खोकंही आलं तर नशीब. धातूच्यांना गिऱ्हाईक मिळू शकतं, पण ते बहुतेक परदेशात, म्हणजे कुरिअर आणि कस्टमची उस्तवार आली. पैशांसाठी विकायचे असतील तर हा व्यवहार तोट्याचा आहे. घरात जागा नाही किंवा लेकीला ते नकोच आहेत, असं कारण असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते कारण खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मुलं आपल्या लाडक्या वस्तूंवर तेवढं प्रेम करतीलच असं नाही. म्हणून या रविवारी तिला थेट विचारा : तुला हे तुझ्या आर्मीत हवेत का, की बाबांना वाईट वाटू नये म्हणून घेतेयस? ती नको म्हणाली तर पाचपाखाडी ते खारघर दोन वेगळ्या आर्मी न्या आणि एकमेकांविरुद्ध खेळा. हवेत म्हणाली, तर कडा रंगवायला तिलाच बसवा आणि कड्यांचा नमुना कापायला तुम्ही जा.